सेनिओच्या काठचे दोघे

फराळाच्या ताटाशी रणांगण कशाला, असे कुणी म्हणेल. पण ही गोष्ट आमच्या घरातलीच आहे. वडिलांची लोखंडी ट्रंक साताऱ्याला माळ्यावर पडून होती. आत इटली स्टार नावाचे पदक आणि कापडाचा एक तुकडा. त्यावर क्लोव्हरची पिवळी पाने. हे काय, असे मी त्यांना कधी विचारले नाही. १९८३ साली ते गेले.

२००५ साली मी मुलीकडे लेस्टरला होतो. नातवाच्या वर्गात मुलांनी एका वृद्ध सैनिकाला बोलावले होते. मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाबाजी झेलमचे, पलटणीत ड्रायव्हर. पाकिस्तानी म्हटल्यावर माझ्या मनात १९६५ आणि १९७१ उभे राहिले, हे कबूल केले पाहिजे. मुलांना त्याचे काही नव्हते. "तुमच्याबरोबर कोण कोण होते?" त्यांनी विचारले. बाबाजींनी पिवळ्या खडूने फळ्यावर क्लोव्हरचे पान काढले. मी चमकलो.

ती आठव्या हिंदी डिव्हिजनची खूण. ९ एप्रिल १९४५. उत्तर इटलीतील सेनिओ नदी, दोन्ही काठांना उंच बांध, बांधांत जर्मनांच्या मशीनगन. मराठा पलटणीचा नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचा तेवीस वर्षांचा शिपाई. त्याने दोन खेपा करून दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून वर काढले. मग एकट्याने तीन मोर्चे गार केले. हात जखमी झाला, तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर उघडा उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्याने मागच्यांना बोलावले. त्याच दिवशी, त्याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचा कोहाटकडचा अली हैदर जखमांवर जखमा खात दोन मोर्चांवर चालून गेला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४७ साली पलटणींचीही वाटणी झाली. मराठे इकडे राहिले, ती पलटण तिकडे गेली.

तास संपल्यावर बाबाजींनी माझे गाव विचारले. सातारा म्हणताच त्यांनी माझा हात धरला. "मराठा! मग वालिदसाहेब तिथेच असणार. काय सांगायचे ते?"

मी गप्प राहिलो. नातू वही उघडून उभा होता.

"आजोबा, पणजोबांची ट्रंक अजून आहे ना?"

त्या रात्री मी साताऱ्याला धाकट्या भावाला फोन केला आणि ट्रंक खाली काढायला सांगितली.