लॅक्टेट : अंग आंबते ते याच्यामुळेच का?

वर्धा नदीकाठचे पुलगाव लष्कराच्या दारूगोळा भांडारासाठी ओळखले जाते. विदर्भातल्या इतर अनेक गावांप्रमाणे इथेही पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे धावताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत मांड्या जड होतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखतात. या दोन्हींचे कारण मैदानावर एकच सांगितले जाते : ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचले.’ प्रत्यक्षात ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि लॅक्टेट हा शरीराचा शत्रू नाही.

लॅक्टेट म्हणजे काय?

लॅक्टिक आम्लाला मराठीत दुग्धाम्ल म्हणतात. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळे केले. दह्याचा आंबटपणा याच आम्लाचा. शरीरात मात्र ते जवळजवळ पूर्णपणे ‘लॅक्टेट’ या आयनाच्या रूपात असते. दमल्यावर ‘अंग आंबले’ म्हणण्याची आपली पद्धत आणि दुधातले हे आम्ल यांची सांगड मनात सहज बसते. पण ती शास्त्राला धरून नाही.

ते तयार कसे होते?

स्नायूतील पेशी ग्लुकोजचे विघटन करून पायरुव्हेट बनवतात. धावण्याचा वेग बेताचा असेल तर हे पायरुव्हेट पेशीतील तंतुकणिकांमध्ये जाते आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यातून भरपूर ऊर्जा मिळते. वेग वाढला की ग्लुकोजचे विघटन इतके जलद होते की तंतुकणिकांना ते पेलत नाही. उरलेल्या पायरुव्हेटचे लॅक्टेट होते आणि त्यामुळेच ग्लुकोजपासून झटपट ऊर्जा मिळणे चालू राहते. म्हणजे लॅक्टेट तयार झाले नसते, तर धावपटू आणखी लवकर थांबला असता.

शांत बसलेल्या माणसातही लॅक्टेट सतत बनत असते. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात, त्यामुळे त्यांची सगळी ऊर्जा याच मार्गाने येते. विश्रांतीच्या वेळी रक्तातील प्रमाण साधारण प्रतिलीटर १ मिलिमोल असते. जीव तोडून धावल्यावर ते १० च्या पुढे जाऊ शकते.

टाकाऊ नव्हे, इंधन

स्नायूतून रक्तात आलेले लॅक्टेट वाया जात नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरते, मेंदू वापरतो, कमी काम करणारे स्नायूही वापरतात. उरलेल्यापैकी बरेचसे यकृतात जाते आणि तिथे दोन लॅक्टेटपासून पुन्हा एक ग्लुकोज तयार होते. या फेऱ्याला ‘कोरी चक्र’ म्हणतात. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतील जॉर्ज ब्रूक्स यांनी लॅक्टेट हे एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे जाणारे इंधन आहे, अशी मांडणी केली.

नियमित सरावाने स्नायूंतील तंतुकणिका आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. मग ज्या वेगाला पूर्वी लॅक्टेट झपाट्याने चढत असे, तोच वेग आरामात पेलता येतो.

दुसऱ्या दिवशीचे दुखणे

धावणे संपल्यावर सुमारे तासाभरात लॅक्टेट पूर्ववत होते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे त्याच्या माथी मारता येत नाही. ते सवय नसलेल्या श्रमाने स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे होते. उतारावर धावल्यावर ते अधिक जाणवते. धावल्यावर एकदम बसण्याऐवजी हळूहळू चालत राहिले, तर लॅक्टेट लवकर उतरते. पण दुसऱ्या दिवशीचे दुखणे त्याने टळेलच असे नाही. ते टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सराव टप्प्याटप्प्याने वाढवणे.

धावताना स्नायूंतली आम्लता वाढते आणि जळजळ होते हे खरे. पण त्यामागे ऊर्जा खर्च होताना होणारे इतरही बदल असतात, एकटे लॅक्टेट नाही.

न धावता वाढलेले लॅक्टेट

खरी काळजी इथे आहे. धावपटूचे लॅक्टेट १० झाले तरी तो थोड्या वेळात सावरतो; पण खाटेवर पडलेल्या तापाच्या रुग्णात ते ४ असेल तर डॉक्टर सावध होतात. गंभीर जंतुसंसर्ग, मोठा रक्तस्राव किंवा हृदय कमकुवत होणे यांत ऊतींना रक्त कमी पडते, काही वेळा यकृतही लॅक्टेट हटवण्यात मागे पडते. रक्तदाब अजून ठीक दिसत असतानाही हा आकडा धोका दाखवू शकतो. म्हणून सेवाग्राम किंवा सावंगीसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांत अत्यवस्थ रुग्णाचे लॅक्टेट तपासले जाते आणि उपचारानंतर ते उतरते का, हे काही तासांनी पुन्हा पाहिले जाते. नमुना लगेच तपासावा किंवा थंड ठेवावा लागतो, कारण नळीतल्या रक्तपेशीही लॅक्टेट बनवत राहतात.

मैदानावर काय ओळखावे?

पाय जड होणे ही लॅक्टेटच्या काळातली नेहमीची गोष्ट. विश्रांतीने ती जाते. पण वर्धा जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात धावणारा असंबद्ध बोलू लागला, कोसळला किंवा त्याचे अंग तापले, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने रुग्णालयात न्यावे. अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून मूत्रपिंडाला धोका निर्माण झालेला असू शकतो. तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘अंग आंबले असेल’ म्हणून अशी लक्षणे अंगावर काढू नयेत.