आमच्या कापसाचं बंदर

भाऊच्या धक्क्यावर मासळीची पाटी उतरवणाऱ्या एका कोळीणबाईनं विचारलं, "कुठला रं तू?" म्हटलं, कारंज्याचा. बाई खूश. "मंग आमचाच की!" तिच्या मनात उरणजवळचं करंजा बंदर, माझ्या मनात वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड. फरक एका कान्याचा, पण मधे अख्खा सह्याद्री. उलगडा झाल्यावर ती म्हणाली, "मंजे तुमच्याकरं दर्याच नाय?"

दर्या नाही, हे खरं. पण आमच्या आज्याच्या तोंडी तो कायम असायचा. हर्राशीत कापसाचा भाव पडला की आजा म्हणे, "काय करतं बाप्पा, तिकडं गोदीत गाठी अटकल्या असतीन." मुंबई त्यानं जन्मात पाहिली नव्हती. मला वाटे, म्हातारा उगाच बोलते. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, म्हातारा बरोबर होता.

कारंजा जुनी पेठ. 1670 साली शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कारंजाही. एक समुद्रावरचं बंदर, एक वऱ्हाडातलं गाव. पण संपत्ती दोन्हीकडे. रेल्वेआधी हा माल हलायचा बैलांच्या पाठीवर. लमाणांचे तांडे इकडून धान्य, कापूस नेत, किनाऱ्याकडून मीठ आणत. त्यांची काशी पोहरादेवी आमच्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. आगगाडी आली आणि तांड्यांचा व्यापार बसला. त्यांचीच नातवंडं आज दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. इतिहास लिहिणारे गाडीचं कौतुक करतात, या बैलांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमचा आखूड धाग्याचा कापूसही गोड लागू लागला. कुलाब्याच्या मोकळ्या मैदानात, कॉटन ग्रीनवर, गाठींच्या थप्प्या लागत. धक्क्याला जहाज लागेल अशी बंदिस्त गोदी तेव्हा नव्हती. हमाल गाठी पडावात टाकत आणि पडाव खोल पाण्यातल्या जहाजाला जाऊन भिडत. पैशाचा नुसता पूर आला. 1865 मध्ये लढाई संपली, भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा कापसाचा राजाही त्यात आपटला. अमेरिकेतली लढाई संपल्याची झळ मुंबईच्या शेठजींना लागली हे पुस्तकात आहे. आमच्या गावच्या कास्तकाराचं काय झालं, ते पुस्तकात नाही.

गंमत म्हणजे, वऱ्हाड ओलांडून आगगाडी नागपूरला पोचली 1867 ला, तेजी संपल्यावर. 1869 ला सुएझ कालवा खुला झाला, विलायत जवळ आली. 1875 ला ससून डॉक, 1880 ला प्रिन्सेस, 1888 ला व्हिक्टोरिया. गोद्यांमागून गोद्या झाल्या. 1893 पासून टाटांच्या खटपटीनं जपानी बोटी मुंबईहून कोबेला जाऊ लागल्या, आणि जपान आमचं मोठं गिऱ्हाईक झालं.

आमच्याकडचा या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे शकुंतला. यवतमाळहून कारंज्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ही अरुंद गाडी. आजा बंडीतून कापूस जीनवर नेई, तिथं सरकी निघे, रुईच्या गाठी बांधल्या जात, आणि गाठी या गाडीत चढत. तिचं वाफेचं इंजिन 1921 चं, मँचेस्टरमध्ये घडलेलं. म्हणजे ज्या गावच्या गिरण्यांसाठी ही सारी धडपड सुरू झाली, तिथलंच इंजिन आमच्या गाठी ओढत होतं! ते 1994 पर्यंत चाललं. आता गाडीच बंद आहे, रुळांत गवत.

त्या कोळीणबाईला हे सगळं कुठं सांगत बसू? तिला घाई होती. ससून डॉकवर आता मासळी उतरते, कापूस नाही. कापसाची वखार कुलाब्याहून शिवडीकडं गेली, नावही सोबत गेलं. परतताना मी मुद्दाम हार्बर लाइनच्या कॉटन ग्रीन स्टेशनावर उतरलो. वडापाववाल्याला विचारलं, या स्टेशनाला असं नाव काऊन? तो म्हणाला, "नावच हाय तसं. एक देऊ का दोन?"