मोन्सेरातचा जागर

आधी टाच बघा. दिवसभराच्या चढणीने फोड आलाय ना? इथे प्रत्येकाची टाच अशीच आहे. साल 1399 च्या आसपासचं. तुम्ही कातालोनियातल्या मोन्सेरात डोंगरावरच्या मठाच्या चर्चमध्ये उभे आहात आणि आजची रात्र जागून काढायची आहे.

बाहेर डोंगराचे गोलसर सुळके अंधारात बुडालेत. आत मात्र उकडतंय. मेणबत्त्यांची धग, घामेजलेली लोकर, लसणाची ढेकर, कुणाच्या तरी कातडी बुधल्यातली आंबूस वाइन. शेजारची म्हातारी तुमच्या खांद्यावर डुलक्या घेतेय, मागे पोर रडतंय. पुढे धुरापलीकडे बाळाला मांडीवर घेतलेली मरियामातेची लाकडी मूर्ती.

डोळे मिटू लागतात. मग कुणीतरी बाजारातलं चावट गाणं काढतं, चार जण खिदळतात आणि प्रार्थनेत बुडालेला एक जण वळून डोळे वटारतो. मठातल्या संन्याशांना हे रोजचंच. यात्रेकरूंना रात्री चर्चमध्ये आणि दिवसा चौकातही गावंसं, नाचावंसं वाटतं, हे त्यांनी ओळखलंय. म्हणून त्यांनी नाचता येतील अशी भक्तिगीतंच लिहून ठेवलीत. अट एवढीच, की बेताने गा, ध्यानाला बसलेल्यांना त्रास नको.

आता हात पुढे करा, फेर धरायचाय. डावीकडे दोरखंड वळणाऱ्याचा खरबरीत पंजा, उजवीकडे एका मुलीचा ओलसर हात. म्होरक्या कातालान भाषेत मरियेच्या सात आनंदांतला पहिला गातो. शब्द कळले नाहीत तरी घाबरू नका. ध्रुवपद लॅटिनमध्ये आहे, देवदूताने मरियेला केलेला नमस्कार. तो डोंगरापलीकडून आलेल्या परक्यालाही पाठ असतो. दुसऱ्या फेरीला तुम्ही चाल पकडता, तिसऱ्या फेरीला टाच विसरता. पावलं फरशीवर एकदम पडतात आणि पोटात घुमतात.

मग फेर थांबतो. एक जण संथ सूर लावतो, तो थोडा पुढे गेला की दुसरा तीच ओळ मागून उचलतो, मग तिसरा. छताखाली एकच चाल स्वतःचा पाठलाग करत राहते.

शेवटी मरणाचं गाणं: आयुष्य तोकडं, मृत्यू जवळ, पाप सोडा. पण ठेका पायांना थांबू देत नाही. प्लेगने कुणाचं घर सोडलंय? दोरखंडवाल्याची पकड घट्ट होते.

यातली दहा गाणी टिकतील. हस्तलिखिताला लाल मखमलीचं वेष्टन चढेल, विसाव्या शतकात कातालान संगीतकार शाविए बेंगेरेल त्यावरून गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी कांताता रचेल, आणि श्रोते ती खुर्च्यांत बसून ऐकतील. तुम्हाला मात्र आज बसायची सोय नाही. ही गाणी थकलेल्या पायांसाठीच केलीत. दारातून नवे यात्रेकरू लंगडत येतायत. मुलीचा हात सोडा, त्यांतल्या एकाला मध्ये ओढून घ्या, आणि त्याला चाल सापडेपर्यंत ध्रुवपद जरा मोठ्याने म्हणा.