संकेतवर्धन (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन)

संकेतवर्धन म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनात (एनएमआर) अणुकेंद्रांकडून मिळणारा क्षीण रेडिओसंकेत वाढवण्याच्या पद्धती होत. रेणूंची रचना ठरवणे, औषधांची शुद्धता तपासणे आणि वैद्यकीय प्रतिमांकन (एमआरआय) या सर्वांना संकेताच्या क्षीणतेमुळे मर्यादा पडतात.

संकेत क्षीण का असतो?

चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या परिवलनाच्या दोन ऊर्जा पातळ्या होतात. खालच्या पातळीवरील अणुकेंद्रे वरच्या पातळीपेक्षा किंचित अधिक असतात आणि संकेत केवळ या अधिक्यातून मिळतो. 9.4 टेस्ला क्षेत्रात, सामान्य तापमानाला, दहा लाख अणुकेंद्रांमागे हे आधिक्य सुमारे 32 एवढेच असते. कार्बन-13 बाबत अडचण आणखी मोठी आहे. नैसर्गिक कार्बनमध्ये त्याचे प्रमाण सुमारे 1.1 टक्का असून त्याचे चुंबकत्वही हायड्रोजनच्या तुलनेत क्षीण असते.

एकच मापन पुनःपुन्हा करून बेरीज घेणे हा सर्वांत साधा उपाय होय. मात्र संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर मापनसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ते दुप्पट करण्यासाठी चौपट वेळ द्यावा लागतो.

प्रमुख पद्धती

ओव्हरहाउसर परिणाम: इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे 658 पट असते. इलेक्ट्रॉनांना सूक्ष्मलहरींनी उद्दीपित केल्यास त्यांचे ध्रुवीकरण अणुकेंद्रांकडे संक्रमित होते, असे भाकीत ॲल्बर्ट ओव्हरहाउसर यांनी 1953 मध्ये केले. त्याच वर्षी कार्व्हर व स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून ते सिद्ध केले. 2003 मध्ये नमुना अतिशीत अवस्थेत ध्रुवित करून नंतर झटपट विरघळवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे द्रवातील संकेत 10,000 पटींहून अधिक वाढला.

रासायनिक प्रेरित ध्रुवीकरण: 1967 मध्ये बार्गन व फिशर आणि स्वतंत्रपणे वॉर्ड व लॉलर यांना मुक्त मूलकांच्या अभिक्रियांत असाधारण उंच, तसेच उलट्या दिशेच्या रेषा आढळल्या. प्रारंभी याचे कारण ओव्हरहाउसर परिणाम मानले गेले. 1969 मध्ये क्लॉस, तसेच कॅप्टाइन व ओस्टरहॉफ यांनी मूलकजोडीची यंत्रणा मांडली. अणुकेंद्रांच्या परिवलनानुसार जोडीतील मूलके पुन्हा जुळतात किंवा विलग होतात, असे ती यंत्रणा सांगते. जुन्या स्पष्टीकरणावरून पडलेले नाव मात्र कायम राहिले.

पॅराहायड्रोजन: हायड्रोजनच्या या रूपातील परिवलनांची सुव्यवस्था रासायनिक अभिक्रियेद्वारे दुसऱ्या रेणूत नेता येते. बॉवर्स व वाइटेकॅम्प यांनी 1986 मध्ये ही कल्पना मांडली व पुढील वर्षी प्रयोगाने दाखवली.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर संशोधनाचा पाया एस. एस. धर्मट्टी यांनी घातला. त्यापूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड व पॅकार्ड यांच्यासह त्यांनी 1951 मध्ये एथिल अल्कोहोलचे तीन वेगळे संकेत प्रसिद्ध केले होते. त्या संकेतांची क्षेत्रफळे 3:2:1 या प्रमाणात, म्हणजे रेणूच्या तीन गटांतील हायड्रोजन अणूंच्या संख्येनुसार होती. रेणूतील अणू 'मोजता' येतात हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे गिरजेश गोविल यांनी संस्थेत जैवरेणूंच्या एनएमआर अभ्यासाची परंपरा उभी केली. उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधाही तेथे आहे. खानदेशात जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासह राज्यातील विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर स्तरावर एनएमआर वर्णपटविज्ञान शिकवले जाते.

मर्यादा

वाढवलेला संकेत मोजणीसाठी जसाच्या तसा वापरता येत नाही. वेगवेगळ्या गटांतील अणुकेंद्रांचे संकेत सारख्या पटीने वाढत नाहीत, काही तर उलटे होतात. त्यामुळे 3:2:1 सारखे प्रमाण टिकत नाही. कार्बन-13 च्या नेहमीच्या वर्णपटातही हायड्रोजनच्या उद्दीपनामुळे रेषा जास्तीत जास्त सुमारे तिप्पट होतात आणि ही वाढ प्रत्येक कार्बनला समान नसते. म्हणून अशा रेषांच्या उंचीवरून अणूंची संख्या ठरवल्यास निष्कर्ष चुकू शकतो. शिवाय द्रवातील वाढीव ध्रुवीकरण सामान्यतः काही सेकंद ते काही मिनिटांतच ओसरते. कर्करोगाच्या प्रतिमांकनात वापरल्या जाणाऱ्या ध्रुवित पायरुवेटचे मापनही त्यामुळे विनाविलंब करावे लागते.