हर्मन गांवचा वसंतोत्सव

अमेरिकेंत मिसूरी नदीच्या दक्षिण तीरावर हर्मन नांवाचें एक लहानसें गांव आहे. मे महिन्यांत तेथें जाणाऱ्या प्रवाशास विटांच्या जुन्या घरांमधून वाद्यवृंदाचे सूर ऐकूं येतात, आणि रस्त्यांच्या पाट्यांवर गटे, शिलर, मोझार्ट हीं नांवें आढळतात. हा तेथील ‘मायफेस्ट’ म्हणजे मे महिन्याचा उत्सव होय.

श्रोतेहो, या उत्सवामागें एका अपुऱ्या राहिलेल्या संकल्पाचा इतिहास आहे. परमुलखांत आपली भाषा व चालीरीती विरून जाऊं नयेत, या हेतूनें फिलाडेल्फियांतील जर्मनांनीं १८३६ सालीं एक वसाहत-मंडळ स्थापिलें. पुढील वर्षाच्या डिसेंबरांत पहिलीं १७ माणसें येथें उतरलीं. जमीन खडकाळ व चढउताराची निघाली. तेव्हां त्यांनीं डोंगरउतारांवर द्राक्षें लावलीं, आणि त्या वेलींनीं गांव नांवारूपास आणलें.

पुढें दोन आघात झाले. १९१७ सालीं अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली व जर्मन बोलणें संशयास्पद ठरलें. १९२० सालीं देशभर दारूबंदी आली आणि ‘स्टोन हिल’ या मद्यशाळेच्या तळघरांत कालांतरानें अळंबीं पिकूं लागलीं. ती मद्यशाळा १९६५ सालीं पुन्हां उघडली. तत्पूर्वींच, १९५२ सालीं, गांवकऱ्यांनीं मे-उत्सवाचें पुनरुज्जीवन केलें होतें.

द्राक्षें परत आलीं, नृत्यें परत आलीं. पूर्वजांनीं जी भाषा जपण्यासाठीं हें गांव वसविलें, ती मात्र रोजच्या व्यवहारांत परतली नाहीं. उत्सव वर्षांतून एकदां येतो. भाषेला घरांत रोज बोलणारीं माणसें लागतात.