वऱ्हाडांतील महारोग व कुलदोषाची कल्पना

महारोग कुळांत उतरतो कीं संसर्गानें जडतो, हा वाद केवळ वैद्यांचा कधींच नव्हता. सोयरीक जुळविणाऱ्यांस, वांटणीचे दावे चालविणाऱ्या वकिलांस व खानेसुमारीच्या अंमलदारांस, सर्वांसच त्याचें उत्तर हवें होतें. उत्तर चुकलें तर भुर्दंड रोग्याबरोबर त्याच्या निरोगी मुलाबाळांसही बसे. यास्तव अमरावती-अकोल्याकडील वाचकांपुढें हा विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत विवाहास वर्ज्य अशीं जीं दहा कुळें सांगितलीं आहेत, त्यांत कुष्ठ्यांचें कूळ आहे. याज्ञवल्क्य अचिकित्स्य रोग्यास दायभाग नाकारतो. पोषण मात्र करावयास लावतो. सुश्रुत अधिक सावध आहे. निदानस्थानांत तो मातापित्यांच्या दूषित शुक्रशोणितापासून संततीस कुष्ठ होतें असें सांगतो, आणि त्याच अध्यायांत स्पर्श, निःश्वास, सहभोजन व एकशय्या यांमुळें तें दुसऱ्यास जडतें असेंही म्हणतो. (प्राचीन ‘कुष्ठ’ शब्दांत इतर त्वचारोगही येतात, हें विसरतां कामा नये.) लोकव्यवहारानें सुश्रुताचीं दोन्हीं वाक्यें उचललीं, पण दोन्हीं रोग्याच्या विरुद्ध.

वऱ्हाड 1853 मध्यें इंग्रजी कारभाराखालीं आलें. 1881 पासूनच्या खानेसुमारींत वेडे, मुके-बहिरे, आंधळे व महारोगी असे चार रकाने असत. परंतु एका घरांत दोन रोगी सांपडले, तर तें रक्त एक म्हणून कीं अंथरूण एक म्हणून, हें रकान्यावरून कसें कळावें? नॉर्वेंत 1847 सालीं डानिएल्सन व बोएक यांनीं रोग आनुवंशिक ठरविला; 1873 मध्यें त्याच देशांत हान्सेन यास रोगजंतु दिसला. 1890-91 च्या महारोग कमिशननें रोग आनुवंशिक नाहीं असा निर्णय दिला, आणि संसर्गासही फारसें महत्त्व दिलें नाहीं. तरीही 1898 च्या कायद्यानें निर्धन रोग्यांस पकडून आश्रमांत कोंडण्याची मुभा दिली. तो कायदा रद्द होण्यास 2016 साल उजाडावें लागलें. दायभागाची आडकाठी त्या मानानें लवकर, 1928 मध्यें, दूर झाली.

या पार्श्वभूमीवर अमरावतीचें कार्य उठून दिसतें. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे होमिओपथीचे वैद्य. त्यांनीं 1946 मध्यें विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापिलें व तपोवन वसविलें. परतवाड्याजवळ कोठारा येथें मिशनचें इस्पितळ होतेंच. वर्ध्यानजीक दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण 1936 पासून हीच सेवा करीत होते. यांपैकीं कोणीही कुळाचा प्रश्न सुटण्याची वाट पाहत बसले नाहींत.

तो प्रश्न पुढें निराळ्या वाटेनें सुटूं लागला. 1973 मध्यें चक्रवर्ती व फोगेल यांनीं बंगाल व आंध्रांतील जुळ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. एकबीज जुळ्यांच्या 62 जोड्यांपैकीं 37 जोड्यांत दोघांसही रोग होता. द्विबीज जुळ्यांच्या 40 पैकीं अवघ्या 8 जोड्यांत. जंतूशिवाय रोग नाहीं हें खरें. परंतु जंतु शिरल्यावर शरीर कसें झुंजेल, यांत जनुकांचा हात आहे. पेशींवर परक्या द्रव्यांची ओळख पटविणाऱ्या एचएलए समूहांतील कांहीं जनुकें रोगाच्या प्रकाराशीं निगडित आढळलीं. प्रतिकार जोरदार असेल तर चट्टे थोडे व जंतु विरळ, पण तोच प्रतिकार मज्जातंतूंस इजा करतो. तो दुबळा असेल तर जंतु अंगभर पसरतात. टीएलआर-1 या जनुकाचा एक भेद रोगापासून रक्षण करतो असें दिसतें; तो युरोपांत विपुल आहे, भारतांत विरळा.

म्हणजे वंशपरंपरेनें येते ती रोगाची प्रवणता, रोग नव्हे. बहुसंख्य माणसांस तर या जंतूविरुद्ध जन्मतःच प्रतिकारशक्ति असते. प्रवणतेचीं हीं जनुकें एकट्या रोग्याच्या कुळांत कोंडलेलीं नसून सगळ्या समाजांत पसरलेलीं आहेत; वधूपरीक्षेंत नाक मुरडणाऱ्याच्या घरींही तीं असावयाचीं. 1982 पासूनच्या बहुविध औषधयोजनेनें रोग बरा होतो, तेव्हां याज्ञवल्क्याचा ‘अचिकित्स्य’ हा शब्दही आतां त्यास लागू पडत नाहीं.

वऱ्हाडांतील कोणाजवळ वांटणीचे जुने दावे, सोयरीक मोडल्याचीं पत्रें अथवा आश्रमांचे जुने कागद असतील, तर त्यांनीं ते जतन करावे. छापतांना मात्र नांवें व आडनांवें वगळावीं. त्या कुळांतील मुलींचीं लग्नें अजून व्हावयाचीं आहेत.