मशेरीचा डबा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मालवणच्या घरी दात घासून थुंकलो, तर बेसिनमध्ये फेस गुलाबी. पहिल्यांदा नव्हे. पण मुंबईत सकाळच्या घाईत फेसाचा रंग कोण बघतो? मागे आजी उभी होती. म्हणाली, "तो ब्रश सोड आधी. हिरडी सोलवटता तेना. चिमटीभर मशेरी लाव, रगात बंद जातला."

आजीच्या तोंडात तेव्हा चार दात होते. बाकीचे चाळिशी-पन्नाशीतच गेले. तिचा हिशोब साधा: एका बाळंतपणाला एक दात. आमच्याकडे बहुतेक बायकांचा हाच हिशोब असतो. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात हे खरं आहे, पण दात बाळ घेऊन जात नाही. मग कोण नेतो? या एका प्रश्नापायी मी बरंच वाचत बसलो आणि निघालो थेट समुद्रात.

५ ऑक्टोबर १४९८. वास्को द गामाची जहाजं कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून परत निघाली. वारा नव्हता. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी उजाडला. त्या सफरीची रोजनिशी कुणा अनामिक सोबत्याने लिहिली आहे. तो सांगतो की माणसांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाणं अशक्य झालं, पाय सुजले, आणि तीस जण गेले. हा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर उठले. आजही हिरडीतून रक्त आलं की घरातलं कुणीतरी "लिंबू खा" म्हणतं, त्या सल्ल्याला असा इतिहास आहे. फक्त तुमच्या-माझ्या हिरडीला तो सहसा लागू पडत नाही. आपण भाजी-फळं खातो. आपलं दुखणं दुसरं आहे.

ते दुसरं दुखणं आपल्याकडे फार जुन्या काळापासून ओळखलेलं होतं. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग दिले आहेत. 'शीताद'मध्ये हिरडी मऊ पडते, कारण नसताना रक्त येतं, दुर्गंधी सुटते. 'दंतवेष्ट'मध्ये पू-रक्त येऊन दात हलतात. आज डॉक्टर जिंजिव्हायटिस आणि पेरिओडाँटायटिस म्हणतात, त्यांच्याशी ही वर्णनं बरीच जुळतात. दातांवर चढणाऱ्या कडक थराला तिथे 'दंतशर्करा' हे नाव आहे, आणि दाताच्या मुळाला इजा न करता ती खरवडून काढावी असंही सांगितलं आहे. हे वाचून मी चक्रावलो. कारण "दात साफ करून घेतले की हलायला लागतात" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

पुस्तकात इतकं असूनही आजीच्या हातात मात्र मशेरीचा डबा आला. त्या डब्यातली तंबाखू इथली नव्हेच. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून गोव्यात आणली आणि तिथून ती आदिलशाहीत पसरली. दक्षिण कोकणाचा बराचसा भाग तेव्हा आदिलशाहीच्याच अमलात होता. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला, तिथे तंबाखू पाहून नवल करू लागला आणि बादशहासाठी घेऊन गेला. दरबारच्या हकिमांनी विरोध केला. बादशहाने तरी दोन-तीन झुरके घेतलेच.

आमच्या घरी तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायचे. ठसका लागून सगळे पडवीत पळायचे. मग चुरून पूड, आणि पूड पावडरच्या रिकाम्या डब्यात. पूर्वी राखुंडी, आंब्याचं पान, कडुनिंबाची काडी हेही होतं. पण राखेची सवय लागत नाही, मशेरीची लागते. सकाळची एक वेळ दिवसात चार वेळा कधी होते कळत नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून म्हणूनच रक्त कमी येतं, आजार आत वाढत असला तरी. रक्त ही हिरडीची हाक आहे, आणि आम्ही तिच्या तोंडावर हात ठेवत होतो.

याची दखल उशिरा का होईना घेतली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मेहता आणि त्यांचे सहकारी, सोबत डेन्मार्कचे पिंडबोर्ग, यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ चा. शोध होता तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याआधीच्या खुणांचा. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरीत तंबाखू वापरायला बंदी घातली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

मला हलवलं ते मात्र १९६५ च्या एका प्रयोगाने. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तर साधारण आठवड्यात पूर्ववत. म्हणजे रक्त येतं म्हणून ब्रश सोडायचा, हे नेमकं उलट. दातावरचा मऊ चिकट थर हेच कारण; तो कडक झाला की घरी निघत नाही. सुजेने दाताभोवतीचं हाड झिजू लागलं, तर गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. मधुमेह असेल तर हे वेगाने होतं, आणि सुजलेल्या हिरड्या साखरही बिघडवतात. आजीला साखर आहे, हे लिहायचं राहिलं.

शेवटी कुडाळला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बारीक सळीने प्रत्येक दाताभोवतीची फट मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक; माझे दोन दात पाचवर होते. स्केलिंग झालं. नंतर दातांमध्ये फटी दिसायला लागल्या आणि क्षणभर वाटलं, आजी म्हणायची ते खरंच. पण त्या फटी आधीपासून होत्या, किटणाने बुजलेल्या. पंधरा दिवस सकाळ-रात्र हिरडीच्या कडेला हलक्या हाताने ब्रश फिरवला. पहिले काही दिवस रक्त आलंच, मग थांबलं.

आजी सोबत आली होती, बाहेर बाकावर. निघताना डॉक्टरांना म्हणाली, "माझाव बघा हो कायतरी." त्यांनी दात बघितलेच नाहीत. खालचा ओठ उलटा केला. मशेरी ठेवायची तिथे एक पांढुरका चट्टा होता, नखाएवढा. दुखत नव्हता म्हणून तिला माहीतच नव्हता. डॉक्टर म्हणाले, मशेरी आजपासून बंद, आणि पंधरा दिवसांनी परत या. चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवू.

पुढल्या खेपेला चट्टा फिका झाला होता. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं आहे. डबा अजून फळीवरच आहे. गणपतीत घरी गेलो तेव्हा आजी देवळात गेल्यावर हळूच उघडून पाहिला. अर्धा होता. मे महिन्यात किती होता, ते मात्र मी बघून ठेवलं नव्हतं.